सुट्टीचा शेवटचा दिवस आणि भरतीची वेळ

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार, वि. वि.

आपल्या दैनिकाच्या ठाणे-नवी मुंबई पानावर रोज सूर्योदयाच्या आणि सूर्यास्ताच्या वेळा छापून येतात. त्याच चौकटीत ठाणे खाडीतील भरती-ओहोटीच्या वेळाही द्याव्यात, निदान नोव्हेंबरपासून मेअखेरपर्यंत तरी द्याव्यात, अशी विनंती करण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. मी नौपाड्यात राहणारी, शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेली, ६९ वर्षांची आजी आहे आणि ही मागणी मला सुचली ती नातवंडांच्या सुट्टीच्या शेवटच्या दिवशी. तो दिवस कसा गेला हे सविस्तर सांगितल्याशिवाय विनंतीमागचे कारण कळणार नाही, म्हणून थोडी अधिक जागा घेत आहे.

माझी मुलगी लग्नानंतर बंगळूरला स्थायिक झाली. नात ११ वर्षांची आहे, नातू ६ वर्षांचा. या वर्षी दोघे १८ दिवस आमच्याकडे होते आणि शेवटचे दोन दिवस त्यांना घेऊन जाण्यासाठी मुलगीही आली होती. माझे स्वतःचे आजोळ चिपळूणजवळच्या एका गावात होते. तिथे सुट्टीचा शेवटचा दिवस कोणी ठरवीत नसे, कारण घराला अंगण होते, मागे विहीर होती, आंब्याच्या अढीत हात घालायला मुभा होती आणि आजी मागच्या पडवीत बसून गवारीच्या शेंगा मोडता मोडता आमच्यावर लक्ष ठेवी. तिला आमच्याबरोबर कुठे जावे लागत नव्हते. आम्हीच तिच्या भोवती असायचो. आमच्या दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांच्या घराला अंगण नाही. नातवंडांबरोबर दिवस घालवायचा म्हणजे आम्हा दोघांना बाहेर पडावेच लागते आणि बाहेर पडायचे म्हणजे माझ्या यजमानांचे गुडघे, माझा रक्तदाब, मुलांची भूक आणि मेमधले ऊन या सगळ्यांचा हिशेब आधी मांडावा लागतो.

गेल्या वर्षी शेवटच्या दिवशी आम्ही त्यांना एका मोठ्या व्यापारी संकुलातील खेळांच्या दालनात नेले होते. मुले तीन तास आत होती आणि आम्ही दोघे बाहेर त्यांच्या पिशव्या आणि चपला सांभाळत उभे होतो, कारण जवळपास बसायला जागा नव्हती. मुलांना मजा आली हे खरे आहे. परंतु रात्री झोपताना माझ्या लक्षात आले की, त्या दिवशी नातवाचा चेहरा मी काचेपलीकडूनच पाहिला होता. सबंध वर्षात मिळणाऱ्या मोजक्या दिवसांपैकी एक असा जावा, याचे मला फार वाईट वाटले आणि पुढच्या वेळी चौघांना एकत्र बसता येईल अशीच जागा निवडायची, हे मी तेव्हाच मनाशी ठरवले.

या वर्षी नातवाला बोटीत बसायचे होते आणि नातीला रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो, पाहायचे होते. तेव्हा ऐरोलीला जायचे ठरले. ठाणे खाडीच्या १,६९० हेक्टर क्षेत्राला २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्याचा दर्जा मिळाला, २०२२ मध्ये या खाडीची रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, नोंद झाली आणि ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातून खाडीत बोटीची फेरी करता येते, हे आपल्या वाचकांपैकी अनेकांना ठाऊक असेल. मात्र ही फेरी घड्याळावर चालत नाही, ती पाण्यावर चालते. पूर्ण भरती असेल तर चिखलाची खाजणे पाण्याखाली जातात आणि पक्षी तिथून उठून जातात. पूर्ण ओहोटी असेल तर पक्षी असतात, पण बोटीला पुरेसे पाणी नसते. या दोन्हींच्या मधले काही तास काय ते उपयोगाचे असतात आणि ते रोज बदलतात, कारण चंद्राच्या गतीमुळे भरतीची वेळ दररोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते.

माझे आजोबा तिथीवरून भरती सांगत असत. आजच्या तिथीचा आकडा घ्यायचा आणि त्याची पाऊणपट करायची, की जितके येईल तितक्या वाजता पूर्ण भरती, असा आमच्या कोकणातला जुना आडाखा आहे. स्वयंपाकघरातल्या दिनदर्शिकेसमोर मी नातीला उभे केले. त्या दिवशी द्वादशी होती. बाराची पाऊणपट नऊ, म्हणजे सकाळी नऊच्या आसपास किनाऱ्यावर पूर्ण भरती आणि खाडीत आतपर्यंत पाणी चढायला त्याहून थोडा अधिक वेळ. नातीने लगेच आईच्या मोबाइलवर पडताळून पाहिले आणि वीस-पंचवीस मिनिटांच्या फरकाने आडाखा बरोबर निघाला. इतकी वर्षे वर्गात फळ्यावर चंद्र-सूर्य काढून भरती-ओहोटी शिकवली, पण एखाद्या मुलीचे डोळे असे विस्फारलेले क्वचितच पाहिले. आदल्या दिवशी केंद्रात चौकशी केली, तेव्हा साडेदहाच्या सुमाराची फेरी मिळाली. आजीचे गणित जुळले म्हणून नातवाने भावंडांच्या वतीने माझ्याशी हात मिळवला.

सकाळी ठाणे स्थानकात दहा क्रमांकाच्या फलाटावर ट्रान्स हार्बर मार्गाच्या गाडीची वाट पाहत असताना यजमानांनी मुलांना १६ एप्रिल १८५३ ची गोष्ट सांगितली. दुपारी ३ वाजून ३५ मिनिटांनी बोरीबंदरहून १४ डब्यांची गाडी सुमारे ४०० निमंत्रितांना घेऊन निघाली, साहिब, सिंध आणि सुलतान अशी तीन इंजिने तिला ओढत होती आणि ३४ किलोमीटरचे अंतर कापून ती या ठाण्यातच येऊन थांबली. नातवाने आमच्या गाडीचे डबे मोजले, ते १२ भरले. तेव्हा ती जुनी गाडी आपल्यापेक्षा मोठी होती, असे त्याने जाहीर केले. नातीचा प्रश्न वेगळा होता. ‘ठाण्यालाच का थांबली, पुढे का नाही गेली?’ असे तिने विचारले. पुढे खाडी होती आणि खाडीवरचे पूल बांधून व्हायचे होते. ते झाल्यावर १ मे १८५४ रोजी गाडी कल्याणपर्यंत पोहोचली. भूगोलाच्या शिक्षिकेला आणखी काय हवे असते? त्या दिवसाचा पहिला धडा खाडीनेच दिला होता आणि अजून आम्ही खाडीपर्यंत पोहोचलोही नव्हतो. दिघा गाव गेले, ऐरोली आले आणि तिथून रिक्षाने आम्ही केंद्रावर गेलो.

बोटीत बसण्यापूर्वी तिवरांच्या झाडीतून फिरलो. चिखलातून पेन्सिलीसारखी उभी राहिलेली मुळे पाहून नातवाने ती कोणी रोवली, असे विचारले. चिखलात हवा खेळत नाही म्हणून ही मुळे श्वास घेण्यासाठी वर येतात, हे सांगितल्यावर त्याने स्वतःचे नाक दाबून किती वेळ राहता येते ते करून पाहिले. कांदळवनातील पांढरी चिप्पी या झाडाला महाराष्ट्राने २०२० मध्ये राज्य कांदळवन वृक्ष म्हणून मान दिला, हेही मी सांगितले. पण तेवढ्यात चिखलावर उड्या मारणारा निवट्या दिसला आणि राज्यवृक्षाकडे कोणाचे लक्ष राहिले नाही. मासा असून तो पाण्याबाहेर पंखांवर चालतो, हे दृश्य पाहताना मुले जितका वेळ गप्प उभी राहिली, तितका वेळ ती या १८ दिवसांत झोपेखेरीज कधी गप्प राहिली नव्हती.

बोटीत चढताना यजमानांना थोडी भीती वाटली. बोटीवरच्या तरुणाने आधी स्वतः एक पाय धक्क्यावर आणि एक बोटीत ठेवला, मग ‘काका, घाई नाही, माझ्या खांद्याला धरा’ असे म्हणून त्यांना अलगद आत घेतले. त्याचे नाव विचारायचे राहून गेले, याची खंत आहे. सर्वांनी लाइफ जॅकेट घातली, बोट सुटली आणि ऐरोली पूल मागे पडत गेला. पाणी ओसरायला लागले होते. कडेला काळ्या चिखलाची पट्टी उघडी पडत होती आणि त्या पट्टीवर दूरवर गुलाबी रेघ ओढावी तसे पक्षी उभे होते.

जवळ गेल्यावर यंत्र मंद केले गेले. छोटा रोहित अधिक गडद रंगाचा आणि गर्द लाल चोचीचा, तर मोठा रोहित उंच, फिकट आणि काळ्या टोकाच्या गुलाबी चोचीचा असतो. नातीने हा फरक माझ्याआधी ओळखला. चोच उलटी करून, डोके खाली घालून ते चिखलपाणी गाळतात आणि त्यातले सूक्ष्म शेवाळ व जीव खातात. त्या अन्नातल्या रंगद्रव्यामुळेच त्यांना हा रंग येतो. पिल्ले करड्या रंगाची असतात. थव्यात काही मळकट पक्षी होते, त्यांच्याकडे बोट दाखवून नातवाने ‘यांनी जेवण टाकलं होतं का?’ असे विचारले आणि बोटीतली सगळी अनोळखी माणसे एकदम हसली. कच्छच्या रणात यांची वीण होते आणि पिल्ले वाढली की थवे इकडे येतात, असे सांगितल्यावर नातीने बराच वेळ काही न बोलता दुर्बीण डोळ्यांना लावून ठेवली. मग तिने विचारले, ‘आजी, भरती आली की हे कुठे बसतात?’

हा प्रश्न मला इतक्या वर्षांत कोणत्याही विद्यार्थ्याने विचारला नव्हता. चिखल बुडाला की त्यांना उभे राहायला उथळ पाणी लागते आणि त्यासाठी ते नेरुळ-सीवूड्सकडच्या पाणथळ जागांवर जातात. पुन्हा ओहोटी लागली की ते खाडीत परततात. म्हणजे खाडी कितीही मोठी असली, तरी या पक्ष्यांचा दिवस त्या दोन-चार लहान जागा शाबूत असण्यावर अवलंबून असतो. त्या जागांमध्ये भरतीचे पाणी येण्याच्या वाटा खुल्या राहाव्यात म्हणून नवी मुंबईतील पर्यावरणप्रेमी नागरिक सातत्याने झटत आहेत आणि त्यांच्या पाठीशी आपल्या दैनिकाने उभे राहावे, असे मला मनापासून वाटते. नातीला मी एवढेच सांगितले की, त्यांच्याही बसायच्या जागा ठरलेल्या आहेत आणि त्या आपण बुजवायच्या नसतात.

परतीच्या वाटेवर मात्र आमची परीक्षा झाली. नातवाला लघवीला लागली आणि वाटेत दिसलेल्या एका सार्वजनिक स्वच्छतागृहाला भर दुपारी कुलूप होते. ते कोणाच्या अखत्यारीत येते, हे मी येथे लिहीत नाही, कारण माझा हेतू कोणाला दोष देण्याचा नाही. परंतु ६ वर्षांच्या मुलाला आणि ७३ वर्षांच्या माणसाला एकाच वेळी थांबता येत नाही, ही अवस्था ज्यांनी अनुभवली आहे त्यांना तिची लाज आणि तगमग सांगावी लागणार नाही. शेवटी एका दुकानदाराने कसलाही आढेवेढा न घेता आपल्या दुकानामागची सोय उघडून दिली आणि मुलांना पाणीही दिले. दुपारी घरी आमरस-पुरीचे जेवण झाले आणि चौघेही पंख्याखाली झोपून गेलो. मुलगी तोपर्यंत सामान बांधत होती. मेतकूट, गोडा मसाला आणि कुरडयांचे डबे कुठे बसवायचे, यावरून तिचे आणि बॅगेचे भांडण चालले होते.

संध्याकाळी आम्ही मासुंदा तलावावर गेलो. जाताना जांभळी नाक्यावरून करवंदे घेतली. येऊरच्या बाजूने येणाऱ्या आदिवासी भगिनी पानाच्या द्रोणातून ती विकतात आणि बंगळूरच्या मुलांना करवंदाचा चीक ओठांना चिकटतो, हे नव्याने शिकावे लागते. कोपिनेश्वराचे दर्शन घेतले. १९७८ पासून तलावाकाठी उभ्या असलेल्या गडकरी रंगायतनाकडे बोट दाखवून यजमानांनी आपण दोघांनी तिथे पाहिलेली नाटके मोजायला सुरुवात केली आणि विसाच्या पुढे त्यांचा माझ्याशी वाद झाला. आकडा अजून ठरलेला नाही.

बसायला जागा शोधत आम्ही तलावाच्या कडेने बरेच चाललो. सुट्टीचे दिवस असल्याने सगळे बाक भरलेले होते आणि बहुतेक बाकांवर आमच्यासारखीच माणसे होती, म्हणजे एका बाजूला आजी किंवा आजोबा आणि दुसऱ्या बाजूला चुळबुळ करणारे एखादे मूल. यजमानांचा गुडघा दुखायला लागला, तेव्हा एका अनोळखी वृद्ध जोडप्याने त्यांची नात मांडीवर घेतली आणि आम्हाला जागा करून दिली. त्यांची नात दोन दिवसांनी दुबईला परत जाणार होती. आम्ही चार वृद्ध आणि तीन मुले एका बाकावर आणि त्याच्या आसपास पाऊण तास होतो. मुलांनी भेळ खाल्ली, पाण्यातले दिवे मोजले, एकमेकांना करवंदे दिली. नातू माझ्या मांडीवर डोके ठेवून आडवा झाला आणि त्याला दिवसभरात काय सर्वांत आवडले, असे विचारल्यावर ‘निवट्या आणि हा बाक’ असे म्हणाला. थोड्या वेळाने तो झोपला. यजमान एरवी घरी जाण्याची घाई करतात, पण त्या संध्याकाळी ते उठायचे नाव काढत नव्हते. मीही काढले नाही.

संपादक महोदय, मला आणखी जे म्हणायचे आहे ते या बाकाविषयी आहे. आपल्या शहरात मोठे प्रकल्प होत असतात, त्यांच्या बातम्या आपण ठळक छापता आणि ते योग्यच आहे. पण ज्या घरांना अंगण नाही, त्या घरांतल्या आजी-आजोबांना नातवंडांबरोबर एक दिवस घालवायचा असेल तर त्यांना दर शंभर-दीडशे पावलांवर पाठ टेकता येईल आणि उठताना हाताचा आधार घेता येईल असा बाक लागतो, त्यावर झाडाची किंवा छपराची सावली लागते, दिवसभर उघडे असणारे स्वच्छतागृह लागते आणि पदपथावरून रस्त्यावर उतरताना गुडघ्याला झेपेल एवढीच पायरी लागते. बिनपाठीचे दगडी कट्टे दिसायला सुबक असतात, पण पंच्याहत्तरीच्या माणसाला त्यावर दहा मिनिटेही बसवत नाही. या साऱ्याला लागणारा खर्च मोठ्या कामांच्या तुलनेत किरकोळ आहे. मासुंदा, उपवन, कचराळी हे तलाव आपल्याकडे आधीपासूनच आहेत, खाडी आहे, येऊरचे जंगल आहे. नवीन काही निर्माण करायला नको. जे आहे तिथे म्हाताऱ्या माणसाला आणि लहान मुलाला एकत्र टेकता यावे, एवढीच व्यवस्था हवी. ठाणे आणि नवी मुंबई या दोन्ही शहरांच्या महापालिकांनी तलावाकाठचे आणि खाडीकाठचे बाक ठरवताना एकदा तरी ज्येष्ठ नागरिक संघांतल्या माणसांना प्रत्यक्ष तिथे नेऊन बसवून पाहावे, अशी माझी कळकळीची सूचना आहे.

भरतीच्या वेळांची विनंतीही याच कारणाने केली आहे. मोबाइलवर त्या मिळतात, हे मला मान्य आहे. परंतु माझ्या वयाच्या अनेकांचा दिवस अजून सकाळच्या वर्तमानपत्राने सुरू होतो आणि नातवंडे आलेली असताना, आज खाडीवर किती वाजता जावे हे चहाबरोबर पेपरात वाचता आले, तर कितीतरी आजी-आजोबांना एखादा दिवस असा आखता येईल. ऐरोलीहून पाणी उतरल्यावर किंवा चढल्यावर हात हलवत परतलेली दोन कुटुंबे आम्हाला त्याच दिवशी भेटली. त्यांच्यातले एक तर डोंबिवलीहून आजारी आजीला घेऊन आले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलांच्या हातावर दही घातले. ‘जातो’ म्हणायचे नाही, ‘येतो’ म्हणायचे, हे नातवाला या वेळी सांगावे लागले नाही. त्याने ते गाडीच्या दारातून तीन वेळा म्हटले. त्यानंतर रोज रात्री आठच्या सुमारास त्याचा फोन येतो. कसे आहात वगैरे तो विचारत नाही. ‘आजी, उद्या भरती किती वाजता?’ एवढेच विचारतो. मी दिनदर्शिकेतली तिथी पाहून पाऊणपट करून सांगते, पलीकडे त्याची बहीण मोबाइलवर पडताळते आणि माझे किती मिनिटांनी चुकले ते मला कळवते. पुढच्या सुट्टीत तो आला की ही वेळ आपल्या दैनिकात छापून आलेली मला त्याला दाखवायची आहे.

कळावे, लोभ असावा.

आपली नम्र,
एक आजी आणि नियमित वाचक
नौपाडा, ठाणे (पश्चिम)